खैराचा यूप, जीपचा स्पीकर

शहापूरहून शेणवा, किन्हवली, डोळखांब या बाजूला आणि पुढे मुरबाड तालुक्यातल्या खेड्यांत अजूनही जुन्या गाड्यांवर बराच कारभार चालतो. महिंद्रची कमांडर, मार्शल, कुठे एखादी मारुती ८००. शहरात जी गाडी केव्हाच भंगारात गेली असती ती इथे वऱ्हाड नेते, भाताची पोती गिरणीवर पोचवते, रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला शहापूरच्या दवाखान्यात नेते. इंजिन उघडून बांधता येते, पाटे बदलता येतात, पत्र्याला जोड देता येतो. स्पीकर मात्र कोणाच्या लक्षात न येता जातो. कागदी कोनाच्या कडेला फोमची पट्टी असते ती पॉलियुरेथेनची. दमट हवेत आणि उन्हात ती कुजत जाते आणि काही वर्षांनी बोट लावताच चिकट भुगा होऊन हाताला लागते. ज्या तालुक्यातली भातसा आणि तानसा भरली की मुंबईची पाण्याची चिंता मिटते, तिथल्या पावसाळी हवेत हे जरा लवकरच होते. मग हरिपाठ लावला तरी खरखर आणि बातम्या लावल्या तरी खरखर. मालक दुकानात जाऊन उभा राहतो, तर काचेमागे नाना तऱ्हेचे स्पीकर मांडलेले: कुठल्या खोक्यावर दोनशे वॉट, कुठल्यावर तीनशे, कुठे चकचकीत जाळी, कुठे निळा दिवा. यातला कुठला घ्यावा? प्रश्न किरकोळ वाटतो. पण चालत्या जुन्या वस्तूचा एक भाग गेला तर त्या जागी काय ठेवावे, याचा अत्यंत काटेकोर विचार आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी झाला आहे, तोही धर्माच्या क्षेत्रात. माझे म्हणणे असे की, दुकानात उभ्या राहिलेल्या त्या मालकाला या विचाराइतकी सरळ वाट दुसरे कुठलेही तत्त्वज्ञान दाखवत नाही.

बदललेल्या भागांचा विषय निघाला की तत्त्वज्ञानाचे अभ्यासक लगेच दुसऱ्याच प्रश्नाकडे वळतात: भाग बदलल्यावर वस्तू तीच राहिली का? ग्रीक लेखक प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट नोंदवली आहे. अथेन्सचे लोक त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत गेले आणि तत्त्वज्ञ मंडळी वाद घालत बसली की हे जहाज तेच की वेगळे. १६५५ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने त्यात आणखी एक खुंटी मारली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे कुठले? आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू यवन राजा मिलिंदाला विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नक्की काय. आस, चाके, जू, लगाम, की या सगळ्यांची बेरीज? राजाला यातल्या कशालाच हो म्हणता येत नाही, आणि रथ हे केवळ भागांच्या आधाराने चाललेले एक नाव आहे, हे त्याच्याच तोंडून वदवले जाते. नैयायिक आणि वैशेषिक याच्या नेमके उलट टोकाला. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरीखुरी असते. पण म्हणूनच एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. वस्त्राचा तुकडा फाटला तर उरते ते दुसरे वस्त्र. हा हिशेब लावला तर किन्हवलीच्या बाजारात पोचेपर्यंत जीप किती वेळा नवी झाली असेल ते देवालाच ठाऊक. हे सगळे वाद खोल आहेत, त्यांची थट्टा करण्याचा हेतू नाही. पण त्यांच्यातली एक उणीव लपत नाही. ते सगळे बदल होऊन गेल्यानंतर सुरू होतात. फळी बसवून झाल्यावर जहाज तेच का, हे विचारतात. कुठली फळी बसवावी, हे कोणी विचारत नाही. गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला नागसेनाचे उत्तर पटले काय किंवा नैयायिकांचे पटले काय, स्पीकर तर घ्यायचाच असतो.

तो न विचारलेला प्रश्न विचारला मीमांसकांनी. मीमांसा म्हटले की आज बहुतेकांना जुनाट कर्मकांड आठवते आणि पुस्तक मिटले जाते. हा अन्याय आहे, विशेषतः या भागातल्या माणसाने तर तो करू नये. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरेहून वर चढून गेले की नाणेघाट लागतो, आणि तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. कुठले कुठले श्रौत यज्ञ केले आणि त्यांत किती गायी, घोडे, कार्षापण दक्षिणा दिली याची ती दगडावरची जमाखर्चाची वही आहे. इतके साहित्य, इतकी माणसे, इतके दिवस चालणारे काम असले की मध्येच काहीतरी सरणार, सांडणार, मोडणार, हे उघड आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद याच अडचणीला वाहिलेला आहे. सुरू झालेले कर्म थांबवता येत नाही आणि सांगितलेली वस्तू हाताशी नाही. अशा वेळी तिच्या जागी काय वापरावे? या बदली वस्तूला शास्त्रात प्रतिनिधी म्हणतात. शबरस्वामींच्या भाष्यात हा सगळा भाग एखाद्या अनुभवी मिस्त्रीने समजावून सांगावा तसा आला आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने ते भाष्य छापले, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले, म्हणजे साहित्य मराठी माणसाच्या हाताशी आहे. वाचले जात नाही, एवढेच.

पहिला नियम साधा आहे. बदली वस्तू मूळ वस्तूसारखी असावी. यज्ञाला व्रीही, म्हणजे भात, सांगितला आहे आणि तो नष्ट झाला, तर नीवार, म्हणजे आपोआप उगवणारा रानभात घ्यावा. भातखाचरांच्या या मुलखात हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही. पण ‘सारखी’ म्हणजे कशात सारखी? मीमांसकांचा रोख असा की, जे काम मूळ वस्तू करणार होती ते काम ज्या गुणांमुळे होते, त्या गुणांत सारखी. पुढचा नियम मात्र विलक्षण आहे आणि तो पहिल्या वाचनात सहज नजरेतून सुटतो. समजा नीवार आणला आणि तोही संपला. आता दुसरा पर्याय शोधताना नीवारासारखे काहीतरी शोधायचे का? मीमांसक म्हणतात, नाही. पुन्हा मूळ व्रीहीकडेच पाहायचे. सोमवल्ली न मिळाल्यास पूतिका घ्यावी असे वचन आहे, पण पूतिकाही मिळाली नाही तर सोमासारखे काय आहे ते शोधायचे, पूतिकेसारखे नव्हे. कारण उघड आहे. प्रत्येक पर्याय मुळापासून थोडा ढळलेला असतो, आणि पर्यायाचा पर्याय, त्याचाही पर्याय असे करत गेले तर चौथ्या पायरीवर मुळाशी काही नातेच उरत नाही. जुन्या गाडीची अवस्था बहुधा अशीच असते. गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असते. पहिल्याने मूळ स्पीकर काढून मोठा घातला, दुसऱ्याने त्यासाठी दाराचा पत्रा कापला, तिसऱ्याने कापलेले भोक पाहून त्याहून मोठा घातला, आणि आताचा मालक त्या भोकाचे माप घेऊन दुकानात येतो. त्याला वाटते आपण गाडीच्या मापाचा स्पीकर घेतो आहोत. तो घेत असतो मागच्या मालकाच्या हौसेच्या मापाचा.

तेव्हा आधी हे पाहायला हवे की या गाडीत स्पीकरचे मूळ काम काय. जुन्या गाडीतला टेप किंवा रेडिओ वाजायचा तो मुख्यतः माणसाच्या आवाजासाठी: आकाशवाणीच्या बातम्या, कीर्तन, हरिपाठ, भावगीत, जुनी सिनेमाची गाणी. माणसाचे बोलणे समजायला लागतो तो पट्टा फार मोठा नाही. टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनांवर पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि कोणाचे काही अडले नाही. आता जीपच्या बाजूने पाहा. चार सिलिंडरचे इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटते. मिनिटाला २४०० फेरे चालले असतील तर सेकंदाला ८० ठोके, म्हणजे ८० हर्ट्झचा सततचा घुमारा. त्यात खड्ड्यांचा, ताडपत्रीचा, चाकांचा आवाज, तोही बहुतांशी खालच्याच पट्टीतला. म्हणजे ज्या ‘बेस’साठी लोक जादा पैसे मोजतात तो नेमका इंजिनाच्या घुमाऱ्यात बुडतो, तो वर काढायला आवाज वाढवला की गाणाऱ्याचे शब्द गाडले जातात. पुढचा मुद्दा ताकदीचा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना साधारण १४. तेवढ्यावर साध्या टेपमधून प्रत्येक स्पीकरला सलग मिळते ती ताकद वीस वॉटच्या आसपास, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. तीनशे वॉटचा स्पीकर लावल्याने आवाज तीनशे वॉटचा होत नाही. तो आकडा सोसण्याचा असतो, निर्माण करण्याचा नव्हे, आणि तोही बऱ्याचदा क्षणभर सोसण्याचा. आवाज ठरतो तो स्पीकरच्या संवेदनक्षमतेवर, जी डेसिबलमध्ये बारीक अक्षरांत दिलेली असते आणि जिच्याकडे कोणी पाहत नाही. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकदीचा फरक. ९२ डेसिबलचा साधा हलका स्पीकर पाच वॉटवर जेवढा आवाज देईल, तेवढ्यासाठी ८६ डेसिबलच्या जड कोनाच्या स्पीकरला वीस वॉट लागतील. जुने कागदी कोनाचे स्पीकर बहुधा हलके आणि थोडक्या ताकदीत मोकळे वाजणारे असत, कारण त्या काळच्या टेपकडे ताकदच थोडी होती. मूळ वस्तूचा कामातला गुण तो हा. तो ज्याच्यात आहे तो तिचा प्रतिनिधी. आकाराने आणि जाळीने हुबेहूब असला तरी हा गुण नसेल तर नव्हे.

मीमांसकांनी आणखी एक बारीक गोष्ट हेरली होती. काही वस्तू दिसायला अगदी सारख्या असतात, पण त्यांना यज्ञात थारा नाही. मूग संपले तर उडीद त्याच्यासारखेच दिसतात आणि शिजतातही. तरी उडीद, वरक आणि कोद्रा यज्ञाला वर्ज्य सांगितले आहेत, म्हणून सारखेपणा असूनही ते प्रतिनिधी होऊ शकत नाहीत. सारखेपणा ही पहिली चाळणी, निषेध ही दुसरी. हे वाचताना मला ओहमची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. गाडीचे स्पीकर साधारणपणे चार ओहमचे. बाजारात दोन ओहमचेही मिळतात. बसायला तितकेच नीट बसतात, वायरी तशाच जोडल्या जातात, पहिल्या दिवशी आवाजही जोरात येतो. पण टेपमधून प्रवाह सुमारे दुप्पट ओढला जातो, तो तापतो, आणि एक दिवस त्याचा आउटपुट बसतो. घरच्या म्युझिक सिस्टीममधून काढलेला आठ ओहमचा लावला तर जळणार काही नाही, आवाज मात्र मरतो. खोलीचेही तेच. वरून माप जुळते, पण मागचा चुंबक जाड असला की काच खाली करताना त्याच्यावर आदळते, आणि ते कळते पावसात काच अडकल्यावर. यातले काहीही वस्तू म्हणून वाईट नाही. उडीदही वाईट नाहीत. त्यांचे वडे आपण आवडीने खातो. या ठिकाणी चालत नाहीत, इतकेच. दुकानदाराशी वाद घालताना ‘माल चांगला आहे हो’ या वाक्याला उत्तर सुचत नाही ते हा फरक मनात स्पष्ट नसल्यामुळे.

यावर पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे: मुळाकडे पाहा म्हणता, पण मूळच मुळात सुमार होते त्याचे काय? ऐंशी-नव्वदच्या दशकातला गाडीत बसवून आलेला स्पीकर म्हणजे पातळ कागद, छोटा चुंबक, कुजणारा फोम. त्याच्यासारखेच आणा म्हणणे म्हणजे दोषांची पूजा करणे. इथे मीमांसकांचे उत्तर इतके स्वच्छ आहे की त्यात भर घालावी लागत नाही. पशू बांधायचा यूप खैराचा असावा असे विधान आहे. शहापूरच्या जंगलात खैर पाहिलेल्याला त्या लाकडाचा कणखरपणा सांगायला नको. पण समजा हाती आलेला खैर इतका बारीक आणि कमकुवत आहे की पशूने हिसका दिला की मोडेल. आणि जवळच कदराचे, म्हणजे खैराच्याच जातीच्या दुसऱ्या झाडाचे भक्कम लाकूड उपलब्ध आहे. मग मूळ म्हणून तो काटकीसारखा खैर रोवायचा का? निर्णय असा की द्रव्य आणि प्रयोजन यांत विरोध आला तर प्रयोजन वरचढ. बांधता यावे म्हणून यूप आहे, तेव्हा बांधता येईल ते लाकूड घ्यावे. म्हणजे मुळाशी निष्ठा ही मुळाच्या कामाशी निष्ठा. त्याच्या अशक्तपणाशी नव्हे. फोमच्या जागी रबराची कड असलेला स्पीकर घेतला तर तो या हवेत कितीतरी जास्त टिकतो, आणि तो घेण्याने मुळाशी काही बेइमानी होत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा कोन पाणी पीत नाही. पण तो जड असला आणि त्याने संवेदनक्षमता चार-सहा डेसिबल खाल्ली तर थांबून विचार करावा. जुना सांगाडा आणि चुंबक शाबूत असतील तर कोन आणि कॉइल बदलून देणारे कारागीर अजून सापडतात. जुन्या गाडीच्या हौशी मालकांना तो मार्ग सर्वांत शुद्ध वाटतो. मला तो केवळ तेव्हाच शहाणपणाचा वाटतो जेव्हा बाजारात त्या मापाचे, उदाहरणार्थ चार गुणिले सहा इंचांचे लंबगोल स्पीकर, धड मिळत नाहीत. खैर चांगला असेल तर खैर. शुद्धतेसाठी काटकी रोवायची नाही.

दुसरा आक्षेप मालकाचा. गाडी माझी, पैसे माझे, मला हळदीला आणि म्हसा गावच्या जत्रेला दणदणाट हवा आहे. तुमचा हरिपाठ तुम्ही ऐका. मीमांसा इच्छेला नाके मुरडत नाही, हे इथे सांगायला हवे, कारण धर्मशास्त्र म्हणजे फक्त मनाई असा समज असतो. तिथे नित्य कर्म आणि काम्य कर्म असा भेद आहे. नित्य कर्म रोजचे, टाळता न येणारे. ते जमेल तितक्या अंगांनी, असेल त्या साहित्याने पार पाडले तरी चालते, आणि प्रतिनिधीची मुभा मुख्यतः त्याच्यासाठीच. काम्य कर्म विशिष्ट फळाच्या इच्छेने करायचे. तिथे सवलत नाही. सगळी अंगे पुरी करण्याची ऐपत असेल तरच सुरू करावे. जुन्या जीपमधला साधा आवाज हे नित्य आहे: रोज लागतो, थोडे उणे-अधिक चालते. दणदणाट हे काम्य आहे. तो हवा असेल तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज, वूफरचे नीट बांधलेले खोके, आणि हे सगळे ओढणारा अल्टरनेटर, असे पूर्ण सामान लागते. लोक करतात काय, तर काम्याची इच्छा धरतात आणि साहित्य नित्याचे आणतात: जुन्या टेपवर, जुन्या बारीक वायरीवर एक भला थोरला स्पीकर टांगतात. त्यातून ना बातम्या नीट ऐकू येतात ना हळद वाजते. शास्त्रात दर्शपूर्णमास, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या यागासंबंधी एक छान उदाहरण आहे. पाणी एरवी चमस नावाच्या यज्ञपात्रातून आणायचे. ज्याला गुरेढोरे हवीत त्याने ते दूध काढायच्या भांड्यातून आणावे. इच्छेने भांडे बदलले तरी पाणी आणायचे काम सुटत नाही. हौसेलाही तीच अट लावावी. आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावरच्या लाउडस्पीकरला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी जी बंधने आहेत ती आहेतच. मालकी गाडीवर असते, गावाच्या झोपेवर नसते.

तिसरा आक्षेप पंडितांकडून येईल. मीमांसेचे नियम वेदवाक्यांपुरते आहेत. त्यात फळ अदृष्ट असते. स्पीकरचे फळ कानाला ऐकू येते, तिथे वाक्यार्थाची काय गरज? जरा खुजे करून टाकता आहात शास्त्राला. याला इतिहासानेच उत्तर दिले आहे. धर्मशास्त्रकारांनी दत्तक, वारसा, दान या अगदी लौकिक गोष्टींत मीमांसेचे न्याय सर्रास वापरले, भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात पूर्वमीमांसेच्या या पसाऱ्याला मोठी जागा आहे. किशोरीलाल सरकारांनी १९०५ च्या टागोर विधी व्याख्यानांत हेच नियम कायद्याच्या अर्थनिर्णयासाठी मांडले आणि पुढे आपल्या न्यायालयांतही त्यांचा आधार घेतला गेला. दत्तकापर्यंत आलेला न्याय दुरुस्तीपर्यंत का येऊ नये? शिवाय धर्मक्षेत्रातच दुरुस्तीचे एक शास्त्र आहे, ते म्हणजे जीर्णोद्धार. अग्निपुराणात सांगितले आहे की जीर्ण मूर्तीच्या जागी नवी बसवताना ती त्याच द्रव्याची आणि त्याच मापाची असावी. ही कसोटी घेऊन आपल्याकडे गेल्या तीस-चाळीस वर्षांत झालेले जीर्णोद्धार पाहावेत. कौलारू, लाकडी खांबांचे, उन्हाळ्यात गार राहणारे देऊळ पाडून तिथे काँक्रीटचा ठोकळा, आत गुळगुळीत टाइल्स, आणि टाळांचा आवाज भिंतींवर आपटून असा घुमतो की अभंगाचा शब्द कळू नये. देवळाचे एक काम ऐकू येणे हेही होते, हे विसरूनच बांधकाम झाले. जीपच्या स्पीकरात आणि गावच्या देवळात ही एकच चूक आहे, फक्त खर्चाचा आकडा वेगळा. आणि सगळी गाडीच मोडीत काढा, या सल्ल्याचे काय? मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांनी रस्त्यावरून गेली. शहराला ते परवडले, कारण तिथे दुसरी टॅक्सी उभी होती. ज्या पाड्यावर दुसरी गाडी येत नाही तिथे चालू कर्म सोडून देण्याचा सल्ला मीमांसकानेही दिला नसता, ब्रेक आणि फिटनेस नीट असेल तोवर.

आता सर्वांत अवघड भाग. प्रतिनिधीच्या या प्रकरणात जैमिनीने काही गोष्टींपुढे स्पष्ट रेघ मारली आहे. देवतेला प्रतिनिधी नाही, अग्नीला नाही, मंत्राच्या शब्दाला नाही, क्रियेला नाही, आणि यजमानाला नाही. बरेच जण मिळून करतात त्या सत्रात एखादा यजमान मेला तर संख्या भरायला दुसरा घेता येतो, पण तो कामापुरता. फळाचा धनी होत नाही. ही रेघ गाडीतल्या आवाजाला लावली तर एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. पहाटे शेणव्याहून निघालेल्या जीपमध्ये हरिपाठाची ध्वनिफीत किंवा मोबाइलवरचे रेकॉर्डिंग वाजते. म्हणणारा तिथे नाही. स्पीकर हा जुन्या स्पीकरचा प्रतिनिधी होऊ शकतो, हे मान्य. पण रेकॉर्डिंग हे हरिपाठ म्हणण्याचे प्रतिनिधी होऊ शकते का? कडक मीमांसक नाही म्हणेल, आणि मला तो बरोबर वाटतो. म्हणणे ही क्रिया आहे. ती यंत्राकडून करवून घेतल्याने माझ्या खात्यावर जमा होत नाही. गावात सप्ताह असतो तेव्हा काही ठिकाणी रात्रीच्या भजनाला माणसे कमी पडली की रेकॉर्डिंग लावून वेळ भरून काढतात. ती सोय आहे, भजन नव्हे, आणि तसे म्हणायला कोणी कचरू नये. पण याच ठिकाणी भागवत संप्रदायाने एक दार उघडे ठेवले आहे. भागवतातल्या नवविधा भक्तीत पहिले नाव श्रवणाचे आहे. ऐकणे ही स्वतंत्र क्रिया आहे, म्हणण्याची जागा भरणारी उसनी क्रिया नव्हे. जीपमधला माणूस ऐकतो तेव्हा श्रवणाचा यजमान तोच असतो. ती क्रिया त्याच्या जागी कोणी करत नाही. म्हणजे स्पीकरकडे काम उरते ते एकच, शब्द कानापर्यंत जसाच्या तसा पोचवणे, आणि ते काम बिघडले तर श्रवण बिघडले. म्हणूनच स्पष्ट शब्दाच्या बदल्यात घुमारा घेणारी निवड मला केवळ आवडीनिवडीची बाब वाटत नाही. जिथे स्पीकर ऐकण्यासाठी आहे तिथे ती चुकीची निवड आहे.

तेव्हा शेणवा-किन्हवलीकडच्या ज्या मालकाच्या गाडीचा स्पीकर फाटला असेल त्याला सांगणे एवढेच. कल्याणला किंवा लॅमिंग्टन रोडला जाताना फाटलेला स्पीकर बरोबर न्या. त्याच्या मागे ओहम लिहिलेले असतात. गाडीचे मूळ भोक कुठले आणि मागच्या मालकाने कापलेले कुठले, ते आधी पाहून ठेवा. दाराची काच पूर्ण खाली करून आतली मोकळी खोली मोजा. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे न पाहता बारीक अक्षरांतले डेसिबल वाचा, ९० च्या पुढचे मागा, कड रबराची मागा. बसवताना दोन्ही बाजूंना अधिक-उणे एकाच पद्धतीने जोडायला सांगा. एका बाजूला उलटे झाले तर दोन्ही स्पीकर चांगले असूनही खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. आणि दुकानदार ऐकवायला म्हणून डीजेचे गाणे लावील, तेव्हा त्याला ते बंद करायला सांगून एखादे कीर्तन लावायला सांगा.